उजवे टायर मोठ्याचे, डावे धाकट्याचे

माझ्या माहेरी एक लाल गाडी आहे. दोन दारं, दोन सीट, आणि रस्त्याला पोट लागेल इतकी बुटकी. तिच्यात बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग अंग तिरकं करून आत पडायचं, आणि उतरताना कोणी हात देतंय का ते बघत बसायचं. माझे गुडघे बासष्ट वर्षांचे आहेत. त्यांना ही गाडी पहिल्या दिवसापासून आवडलेली नाही.

गाडी आली ती जमिनीतून. कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाताना डोंगराच्या पायथ्याशी आमची भातजमीन होती. मुंबईच्या एका गृहस्थाला तिथे शनिवार-रविवारचा बंगला हवा होता आणि माझ्या दोघा भावांना शेतीचा वीट आला होता, त्यामुळे सौदा लवकर जुळला. त्या गृहस्थाने बंगला बांधला आणि पडवीत ही गाडी आणून ठेवली. दोन वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती. मग त्याला तिचाही कंटाळा आला आणि त्याने ती माझ्या भावांनाच विकली. म्हणजे जमीन त्याची झाली, जमिनीचे थोडे पैसेही फिरून त्याच्याकडे गेले, आणि आमच्या घरी लाल रंग आला. हे मी बोलून दाखवलं तेव्हा धाकटा म्हणाला, "ताई, तुला ना कशातच आनंद नाय."

आम्ही तिघं भावंडं, त्यात मी थोरली. मला खालापुरात दिलं. तिथेच जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकवण्यात माझी नोकरी संपली. जमीन विकायची ठरली तेव्हा दोघे भाऊ पेढे घेऊन घरी आले आणि मी काय समजायचं ते समजले. माझाही वाटा होता. कर्जतच्या कचेरीत जाऊन मी हक्कसोडपत्रावर सही केली. कारकुनाने विचारलं, "स्वखुशीने ना, बाई?" मी हो म्हटलं. बदल्यात मोरपंखी साडी मिळाली, ती अजून घडीतच आहे.

सही करताना मी एकच गोष्ट मागितली. म्हटलं, मला काही नको, पण तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत राहा. मला दोन माहेरं नकोत. आमच्या आळीत अशा दोन माहेरांच्या बायका मी लहानपणापासून पाहिलेल्या. एका भावाकडे जेवली की दुसरा तोंड फिरवतो. मिठाईचे पुडे दोन आणायचे, ते वजनाला सारखे हवेत, आणि परत जाताना कोणाच्या उंबऱ्यातून आधी निघाली यावर वर्षभर चर्चा. मला ते नको होतं. आईवडील गेल्यावर मला एक पडवी हवी होती, जिथे दोघे भाऊ शेजारी शेजारी पाटावर बसतील. दोघे एका सुरात म्हणाले, "काय बोलतेस, ताई!" मी एवढी वर्षं शिकवलं, मला कळायला हवं होतं. वर्गात सगळ्यात आधी "हो बाई" म्हणणाऱ्या पोराची वही कोरीच असते.

गाडी दोघांच्या पैशांतून आली, म्हणून वापराचीही वाटणी झाली. सोमवार ते बुधवार मोठा, गुरुवार ते शनिवार धाकटा, रविवारी गाडीला विश्रांती. हे त्यांना कोणी शिकवायला लागलं नाही. आमच्या घराण्यात वाटणी रक्तातच आहे. वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा अंगणात भिंत आली, विहिरीचं पाणी तासांवर वाटलं गेलं आणि परसातला फणस फांद्यांवर. पूर्वेकडच्या फांद्या आमच्या, पश्चिमेकडच्या काकांच्या. पण फणस खोडालाही लागतो, हे वाटणी करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या खोडाच्या फणसांवरून दोन पिढ्या एकमेकांच्या लग्नाला गेल्या नाहीत.

गाडीचे टायर उभ्या उभ्याच खराब झाले होते. धाकट्याने ती चारफाट्याच्या बाजूला एका टायरवाल्याकडे नेली. त्याने नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाला, चारही गेलेत, रबराला भेगा पडल्यात, यावर घाटात जाऊ नका. मग त्याने दोन जातीचे टायर दाखवले, एक महागातले आणि एक स्वस्तातले. तिथून आमच्या घरात जे सुरू झालं ते सहा आठवडे चाललं.

मोठा स्वस्तातल्यांच्या बाजूचा. त्याने आयुष्यात कुठलीही वस्तू घेताना दुकानदाराला दुसरा प्रश्न विचारलेला नाही. पहिला प्रश्न, "याच्याहून कमीतलं हाय का?" म्हैस घेताना विचारला, चष्मा घेताना विचारला, आईच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरलाही विचारला. त्याचं म्हणणं, गाडी जाणार कुठवर? घरापासून कर्जत, फार तर कशेळ्याच्या बाजारापर्यंत. तिथे काय टायर चाटायचेत? शिवाय त्याने कशेळ्याच्या जीपवाल्याचा दाखला आणला. तो जुन्या टायरवर नवं रबर चढवून घेतो आणि त्यावर चौदा माणसं, दोन बकऱ्या आणि भाजीच्या पाट्या वर्षानुवर्षं वाहतो. मोठा म्हणाला, "त्याला काय झालंय का आजवर?" झालं असतं तर तो दाखला द्यायला उरला नसता, हे मी सांगितलं. ते मोठ्याच्या कानात शिरलं नाही.

धाकटा महागातल्यांच्या बाजूचा, आणि त्याचा आधार मोबाइल. कुठल्या तरी परदेशात, ओल्या रस्त्यावर, एक गोरा माणूस गाडी जोरात नेतो आणि ब्रेक मारतो. मग उतरून गाडी किती अंतरात थांबली ते टेप लावून मोजतो. हे धाकटा रोज रात्री जेवताना बघत असे. तो माणूस काय बोलतो ते त्याला ओ की ठो कळत नव्हतं. "पण ताई, तोंडावरनं कळतं ना, टायर चांगला हाय." म्हशीला आजवर त्याने महागातली पेंड घातली नाही, पण टायर मात्र जगात एक नंबरचा हवा. त्याला ओल्या रस्त्याची काळजी नव्हती, चारफाट्यावर उभं राहून कोणी टायरवरचं नाव वाचलं तर काय, ही काळजी होती.

तिसऱ्या आठवड्यात दोघांचं बोलणं बंद झालं. घरं लागून, मधली भिंत एक, आणि एक दुसऱ्याला निरोप पाठवणार माझ्यामार्फत, खालापूरहून. सकाळी मोठ्याचा फोन यायचा. "ताई, त्याला सांग, गाडी शेडमंदी तिरकी लावलीय, माझी मोटरसायकल निघत नाय." मी धाकट्याला फोन लावायचा. धाकटा म्हणायचा, "त्याला सांग, तिरकी नाय, शेड तिरकी हाय." मागून मोठ्याचा खोकला मला स्पष्ट ऐकू यायचा. माझे यजमान म्हणाले, तू पूर्वी शिक्षिका होतीस, आता टपाल खातं झालीस. मला हसू आलं नाही. मला भीती वाटू लागली होती. दोघांनी राखीच्या दिवसाचं मला वेगवेगळं विचारलं होतं. "ताई, आधी माझ्याकडं येशील ना?" दोघांनी. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून मीच पुढाकार घेतला आणि तिघं टायरवाल्याकडे जाऊन एकदा काय ते ठरवू, म्हणाले. मी एस.टी.ने गेले, मोठा मोटरसायकलवर आला, धाकटा गाडी घेऊन. टायरवाला शहाणा माणूस. त्याने चहा मागवला आणि आम्हाला समजेल असं सांगितलं. महागातला टायर नरम असतो. तो रस्ता धरतो, पाण्यात सुद्धा धरतो, पण लवकर झिजतो. स्वस्तातला कडक. तो झिजत नाही, पण ओल्यात घसरतो.

मोठ्याचे डोळे चमकले. "झिजतच नाय?"

"झिजत नाय, पण..."

"मग झालं तर. महागाचा झिजतो आन् स्वस्ताचा झिजत नाय, म्हंजी शानं कोन?"

"पण पावसात..." टायरवाला म्हणू लागला.

"ताई, त्याला सांग," धाकटा हाताच्या अंतरावरून म्हणाला, "टायर काय देव्हाऱ्यात पुजायचे हायत, झिजवायचे नाय म्हणून?"

असं अर्धा तास चाललं. शेवटी मोठा उठून गाडीभोवती एक फेरी मारून आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला वडिलांचा चेहरा दिसला. भिंत बांधली त्या दिवशीचा. तो म्हणाला, "वाटून टाकू."

टायरवाल्याला वाटलं थट्टा आहे. पण धाकट्याने मान डोलावली. सहा आठवड्यांत दोघांचं एकमत झालं ते हे एवढंच. टायरवाल्याने हात जोडले. वाटायचेच असतील तर पुढचे दोन एका जातीचे घाला आणि मागचे दोन दुसऱ्या, म्हणाला, निदान जोडी तरी सारखी राहील. तर मोठ्याने खाली बसून मापच घेतलं. त्या गाडीचे मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद. रुंद म्हणजे किंमत जास्त. मग मागचे ज्याच्या वाट्याला येतील त्याला भुर्दंड, हा अन्याय नाही का? धाकट्यालाही तो अन्याय लगेच दिसला. तेव्हा न्याय असा झाला की उजव्या बाजूचे दोन, एक अरुंद आणि एक रुंद, मोठ्याचे. डाव्या बाजूचे दोन, एक अरुंद आणि एक रुंद, धाकट्याचे. ज्याने त्याने आपल्या बाजूला मनाला येईल तो टायर घालावा. टायरवाला म्हणाला, असं मी आजवर बैलगाडीलासुद्धा केलेलं नाय, मला लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं. कागदाला आमचं घर कधी घाबरलेलं नाही.

मी बाजूला प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले होते. मला हे थांबवता आलं असतं का? कदाचित. पण दोघे एका कागदावर वाकले होते, डोक्याला डोकं लागत होतं, आणि मला वाटलं, चला, बोलायला तरी लागतील. म्हणून मी बुद्धी गहाण ठेवली आणि गमतीत म्हटलं, "आणि माझ्या वाट्याला काय?"

धाकटा हसला. "स्टेपनी तुझी, ताई."

मोठाही हसला. टायरवाला जरा ओशाळून म्हणाला, "या गाडीला स्टेपनी नसते, बाई. जागाच नाय. नुसता पंप आन् पंक्चर बुजवायच्या चिकाची बाटली देतात." मग आम्ही चौघेही हसलो. मीही हसले. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर मात्र मला ते फार लागलं. पळसदरीपर्यंत डोळे पुसत होते आणि शेजारची बाई धूर लागतोय का विचारत होती.

श्रावण उजाडला, तरी दोघांचे निरोप माझ्यामार्फतच चालले होते. राखीचा दिवस धाकट्याच्या वारात पडला, म्हणून न्यायला तो आला. मला उचलून आत बसवलं, डाव्या सीटवर. मी विचारलं, ही बाजू कोणाची? तो अभिमानाने म्हणाला, "माझी. तू निवांत बस." याचा अर्थ मी निवांत आणि तो स्वतः मोठ्याच्या टायरवर, हे त्याला सुचलं नाही. गाडी सरळ रस्त्यावर जरा एका अंगाला ओढत होती. धाकटा स्टिअरिंग किंचित वाकडं धरून चालवत होता आणि म्हणत होता की अशा गाड्या अशाच असतात.

पळसदरीच्या धरणाजवळ वळण आहे. पाऊस चांगला लागला होता. सुट्टीचा दिवस, त्यामुळे शहरातून आलेली मंडळी रस्त्याच्या मधोमध उभी राहून डोंगरावरच्या धबधब्याचे फोटो काढत होती. धाकट्याने ब्रेक मारला. मग जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही, इतक्या लवकर झालं. आमच्या डाव्या बाजूने रस्ता धरला आणि उजवी बाजू तशीच पुढे निघाली. गाडी गर्रकन डावीकडे फिरली, रस्ता संपला, आणि आम्ही बांध तोडून कोणाच्या तरी भातात जाऊन थांबलो. समोरच्या काचेवर हिरवी रोपं आणि चिखल. मी जिवंत आहे हे मला माझ्याच ओरडण्यावरून कळलं.

धाकटा धडधाकट होता. त्याने पहिलं काम काय केलं? फोन काढला. "दादा, तुझ्या टायरनी घात केला!"

मी ते ऐकलं आणि, लाज वाटते सांगायला, मला आनंद झाला. कोपर सोलवटलं होतं, आणि तरी मनात आलं की तो थेट दादाशी बोलला. मध्ये मी नव्हते. इतकी मी त्या एका गोष्टीसाठी भुकेलेली होते.

शेतात तण उपटत बेणणी करणारी एक म्हातारी प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेऊन धावत आली. तिने माझ्या बाजूचं दार ओढलं, मला काखेत हात घालून बाहेर काढलं आणि कोपर बघितलं. "बाय, लागलं का गं? डोक्याला नाय ना?" मी तिला म्हटलं, तुमच्या भाताचं वाटोळं केलं आम्ही. ती म्हणाली, ते मागनं बघू, आधी बस. बांधावर बसवून तिने तांब्यातलं पाणी पाजलं. फोटो काढणारी मंडळी आता धबधब्याकडे पाठ करून आमचे फोटो काढत होती. एकाने धाकट्याला विचारलं, गाडी जास्तीत जास्त किती पळते.

मोठा पंधरा मिनिटांत मोटरसायकलवर आला. माझ्या समोरून गेला. माझ्या समोरून, दोन हातांवरून. थेट चिखलात उतरून उजव्या टायरांशी बसला, रबरावरून हात फिरवला आणि ओरडला, "बघ! एक वरखडा नाय माझ्या टायरला!"

"वरखडा कसा येईल? धरायला नको रस्ता?"

"तुझ्या टायरनी वढलं गाडीला! माझे सरळ चालले व्हते!"

"सरळ कुठं, धरणात?"

एवढे दिवस ज्याची मी वाट बघितली ते माझ्या समोर चाललं होतं. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत होते, अगदी तोंडाला तोंड लावून. आणि मी बांधावर बसले होते, एक चप्पल चिखलात, कोपरातून रक्त, पर्समध्ये दोन राख्या. तिसऱ्या कोणीतरी माझी विचारपूस केली होती, यांनी नाही. तेव्हा मला उमगलं की मी सही देऊन काय विकत घेतलं होतं. भांडायला एकमेकांची तोंडं, एवढंच.

मी उठले. सगळी नोकरी शुद्ध बोलण्यात गेली, पण त्या वेळी तोंडातून निघाली ती गावचीच भाषा. "मी इथं मरता मरता वाचले रं! एकानं तरी इचारलंत का? टायर बघताव? मी हक सोडला तो जमिनीवरचा. तुमच्यावरचा नाय सोडला!"

पाऊस पडत होता, पण आवाज लांबवर गेला असावा, कारण फोटोवाल्यांनी मोबाइल खाली घेतले. मोठा चिखलातून उठला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग कोपराकडे. धाकट्याने खिशातला रुमाल काढला, तो ओला होता, तरी माझ्या हाताला बांधायला लागला. मोठा चिखलात वाकून माझी चप्पल शोधायला लागला.

चप्पल मिळाल्यावर त्याने ती गवताला पुसली, माझ्या पायाशी ठेवली आणि खाली मान घालून विचारलं, "मग काय करायचं, ताई? तूच सांग."

त्या घरात मला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. अंगणात भिंत कुठे घालायची, जमीन कोणाला द्यायची, गाडी घ्यायची की नाही, काहीच नाही. मला टायरमधलं काही कळत नाही. मी डोळे पुसले आणि म्हणाले, "आधी या बाईच्या बांधाचं आणि भाताचं भरून द्या. मग चारी टायर महागाचे, एकसारखे. दोघांनी मिळून. वाटणी नाही."

"लई महाग पडतील गं," मोठा पुटपुटला. सवयीने.

"पडू देत. माझ्या सहीपेक्षा स्वस्तच पडतील."

धाकट्याने माझ्या हाताची गाठ पक्की केली, फोन काढून टायरवाल्याला लावला आणि मोठ्याकडे बघत म्हणाला, "चार काढून ठेवा. चारी एकाच जातीचे. व्हय, महागाचे. नाय, दादाला इचारायची गरज नाय, मलाबी नाय. ताईनं सांगितलंय."